आईंच्या बाथरूमची गळती

प्रिय ठकू,

पाकीट बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहोत. तुझा दादा मध्यंतरी जरा ओला झाला होता, पण आता वाळलाय.

झालं असं की दोन महिन्यांपूर्वी आमच्या बाथरूमच्या छताला एक डाग पडला. आधी बटणाएवढा, मग बशीएवढा, आणि पंधरा दिवसांत पोपडे सुटून टपटप सुरू. पाणीही साधं नाही, तांबूस, गढूळ. तुझा दादा डेपोत बसची वेळापत्रकं आखतो ना, तर रविवारी स्टूल टाकून बसला आणि थेंबांचंच वेळापत्रक काढलं. अकरा ते एक जोरात, मग विश्रांती, चारला पुन्हा एक छोटी फेरी. अंघोळ तो छत्री उघडून करायचा. एका हातात छत्री, दुसऱ्यात तांब्या, आणि साबणाला हातच उरायचा नाही.

आमच्या डोक्यावर आईंचंच घर. बाबा गेल्यावर तुझा दादा त्यांना आमच्यात राहायला बोलवत होता, तेव्हा "माझी किल्ली माझ्याकडेच राहील" म्हणून त्या तिथे एकट्या राहिल्या, ते तुला माहीतच आहे. दादा वर गेला आणि तिसऱ्या मिनिटाला खाली आला. "माझ्याकडे सगळं खडखडीत कोरडं आहे, तुमचंच काहीतरी असेल," असं सांगून आईंनी दार लावून घेतलं म्हणे. आमचं पाणी आमच्याच छताला कसं चढेल, हे विचारायची काही त्याची छाती झाली नाही. मग प्लंबरला पाठवलं. पहिल्या दिवशी आई अंघोळ करत होत्या, दुसऱ्या दिवशी झोपल्या होत्या, तिसऱ्या दिवशी त्यांच्याकडे पाहुणे आले होते. जिन्यावरून एक चिटपाखरूही वर गेलेलं मी पाहिलं नव्हतं. प्लंबर बिचारा मला म्हणाला, "वहिनी, एवढं मला बायकोनेही कधी टाळलं नाही."

आम्ही हसलो खरं, पण दादाचं हसू लवकर मावळलं. आई नळ चालू ठेवून विसरत असणार, उद्या गॅस विसरतील, असं त्याच्या मनाने घेतलं. वरचं घर बंद करून त्यांना खाली आणायचं ठरवूनच टाकलं त्याने. तुलाही त्याने फोन केला होता, आणि तूही हो म्हणालीस. तुझी चूक नाही, मीही हो म्हटलंच होतं. फक्त हे आईंना सांगायचं कुणी, यावर गाडी अडली होती.

शेवटी एका मंगळवारी मी औषधांच्या दुकानातून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून, बरोबर साडेअकराला बेल वाजवली. आतून "कोण?" मी पुन्हा बेल दाबली. दार फटीएवढं उघडलं, आणि ठकू, समोर तुझी आई! कोपरापर्यंत चिखल, नाकावर चिखल, चष्म्याच्या एका काचेवर चिखल. मला वाटलं पडल्याच कुठेतरी. मी "आई, लागलं का हो?" म्हणत आत घुसले ती थेट बाथरूममध्ये. तिथे मधोमध एक छोटं चाक, शेजारी बैठं स्टूल, तीन बादल्या गढूळ पाण्याच्या. आणि साबण-तेलाच्या फळीवर, खिडकीत, वॉशिंग मशीनवर, जिथे जागा मिळेल तिथे मातीची भांडी वाळत ठेवलेली. वाडगे, फुलदाण्या, एक पोटुशी सुरई.

आई दारात उभ्या. "बघितलंस ना? आता जा, सांग सगळ्यांना." आवाजात राग होता, पण चिखलाचे हात पाठीमागे लपवलेले. मी बाह्या वर केल्या आणि त्या स्टुलावर बसले. आईंनी मातीचा गोळा आणून चाकावर आपटला आणि मागून माझे हात धरले. माझा वाडगा चांगला बोटभर उंच झाला, मग डळमळला आणि भिंतीवर जाऊन बसला. त्यानंतर आम्ही दोघी इतक्या हसलो की आईंना बादली उपडी घालून तिच्यावर बसावं लागलं.

मग सगळं बाहेर आलं. नऊ महिने त्या मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी "डोळ्यांच्या डॉक्टरकडे" जातात ना, तो डॉक्टर म्हणजे लाकडाच्या वखारीमागचा एक कुंभार. तो शिकवतो, भांडी त्याच्याच भट्टीत भाजून देतो. माणसाला डोळे दोन, आणि फेऱ्या सत्तर, तरी आम्हाला संशय आला नाही! घरी सराव करायचा आणि चिखलाचे हात मोरीत धुवायचे. ती माती जाळीखालच्या पाइपात बसत गेली, पाणी तुंबलं, जोड सुटला आणि सगळं आमच्या छतात. आई म्हणाल्या, "मला कळत होतं गं. पण प्लंबरला आत घेतलं असतं तर त्याने तुम्हाला सांगितलं असतं."

दुसऱ्या दिवशी प्लंबर सन्मानाने आत गेला. पाइपातून त्याने घमेलंभर माती काढली आणि म्हणाला, "आजी, यात एक रांजण सहज झाला असता." आई म्हणाल्या, "टाकू नका मग." आता त्या हात बादलीत धुतात, गाळ खाली बसला की वरचं पाणी कुंड्यांना. दादाने वर जाऊन एकेक भांडं हातात घेऊन पाहिलं. मग त्याने भाजून आलेला एक तिरप्या काठाचा वाडगा उचलला आणि न विचारता खाली घेऊन आला. दाढीचा फेस त्यातच करतो. आईंना खाली आणायचा विषय त्याने पुन्हा काढलेला नाही. छत मात्र स्वतः रंगवलं, अर्धा रंग छताला आणि अर्धा कानाला.

आता मुद्द्याचं. पुढच्या महिन्यात दुसऱ्या रविवारी कुंभाराच्या सगळ्या विद्यार्थ्यांचं प्रदर्शन आहे, त्यात आईंची अकरा भांडी. त्यांनी आम्हाला बोलावलंय, तळमजल्यावरच्या शिंपीणबाईंना बोलावलंय, प्लंबरलासुद्धा. तुला नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "तिला कामं असतात." आणि थोड्या वेळाने, चाकाकडे बघत, "ती हसेल गं." बाबा गेल्यानंतर त्यांनी गाण्याचा क्लास लावला होता, आठवतंय? तू फोनवर म्हणाली होतीस, "आई, या वयात?" आणि हसली होतीस. तुझ्या मनात काही नव्हतं, मला माहीत आहे. पण फोन स्पीकरवर होता, आणि इकडे मीही हसले होते, हे तुला कधी सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी आईंनी पेटी दुकानात परत केली, आणि आपण कुणी का म्हणून विचारलंही नाही. माझ्या वाटणीचं मी त्यांच्याकडे बोलून टाकलंय. तुझ्या वाटणीचं मला बोलता येणार नाही. मी लिहिलंय हे त्यांना माहीत नाही, सांगूही नकोस. आदल्या दिवशी ये, बॅग घेऊन सरळ वर जा. आमच्याकडे थांबू नकोस.

वाट बघत,
तुझीच
वहिनी