कोळशाचा डबा कुणाचा?

१४ फेब्रुवारी २०११

डबा अजून तिथेच! मालगाडीतून जाताना त्याच्या चाकांचा आस तापला, म्हणून पेडणे स्टेशनात कडेच्या रुळावर सोडून गाडी पुढे गेली. आज त्यातून धूर निघताना पाहिला. साठवलेला कोळसा आपोआप धुमसतो हे वाचलं होतं, पाहिलं नव्हतं.

रुळाला लागून कमलाक्षीची काजूबाग. खाली घोट्यापर्यंत सुका पाला, वर बोंडू धरलेले. विधवा बाई, वर्षाचं पोट त्या बागेवर. म्हणाली, "शालिनीबाय, आगीचां एक किटाळ पडलां तर माज्यो काजी सोंपल्यो. तुजें भाषण मागीर आयकतंय, आदी ह्यो डबो हालय."

१७ फेब्रुवारी

स्टेशनमास्तर कृष्णनाथ गावस भला माणूस. चहा पाजला आणि म्हणाला, "बाई, रूळ आमचा, डबा आमचा नव्हे."

डब्यावर पूर्वेकडच्या रेल्वेची अक्षरं. पण भरला गेला मुरगाव बंदरात, दुसऱ्याच रेल्वेच्या हद्दीत. आणि तापला कोकणातल्या तिसऱ्याच रेल्वेच्या रुळावर. काय प्रवास!

२१ फेब्रुवारी

तिघांनाही फोन केले. पूर्वेची रेल्वे: "नाव आमचं आहे, पण तो आमच्याकडे कुठे आहे?" बंदराकडची: "हद्दीवर पोचता केला, संपलं." रूळवाले: "चौकशी चालू आहे."

जेवताना दत्ताराम (नवरा म्हणून नव्हे, माझा सर्वांत कडू टीकाकार म्हणून नोंदवते): "आता कोणाक दम भरतलंस? डब्याक?"

२३ फेब्रुवारी

सापडलं!

सकाळी फाटकात अडकले होते. समोरून मालगाडी गेली. सवयीने डब्यांवरची अक्षरं वाचू लागले. पूर्व, दक्षिण, उत्तर, मध्य – शेजारी शेजारी, एकमेकांना जखडलेली, आणि सगळ्यांना ओढणारं इंजिन एकच. त्याने एकाही डब्याला 'तू कुणाचा' म्हणून विचारलं नव्हतं. मग आम्हीच का विचारत बसलोय?

शिरगावला खनिजाच्या धुळीविरुद्ध बोलायचे तेव्हाही हेच. ट्रक कुणाचे, यावर महिनोन्‌महिने खल. ज्या दिवशी बायका रस्त्यावर बसल्या त्या दिवशी पाणी मारायला टँकर आला.

तशीच स्टेशनात गेले. "मास्तर, मालक राहू द्या. हा डबा जोडायला अडतं कुठे?"

"आस दुरुस्त व्हायला हवा. मडगावहून तपासनीस येऊन 'चालण्यालायक' म्हणाला की कुठलीही गाडी नेईल."

"बोलवा की त्याला."

"डबा कुणाचा म्हणून सांगू?"

हसलो दोघेही.

२७ फेब्रुवारी

देवळापुढे सभा. मांद्रे, तुये इथून माणसं आली. तासभर बोलले, घसा फाटला. पण सभा उठली ती एका वाक्यावर: "आम्हांला मालक नको, हातात पाना असलेला माणूस हवा!"

मागून कुणीतरी: "आनी डबो न्हेलो ना जाल्यार?" कमलाक्षी ताडकन उठली – "मागीर आमी ढकलतलों!" माझं तासाभराचं भाषण फिकं पडलं. बरं वाटलं.

१ मार्च

सकाळपासून फलाटावर बसून आहोत. घोषणा नाहीत. काही जण बागेतला पाला झाडताहेत, काही डब्यावर पाणी मारताहेत. गाडीतले प्रवासी खिडकीतून विचारतात – "कसली जत्रा?"

संध्याकाळी गावस धावत आला. तपासनीस परवा येतोय.

३ मार्च

गेला!

तपासनिसाने दुपारभर खटपट केली. कपाळ पुसत म्हणाला, "लायक." संध्याकाळी उत्तरेकडे जाणाऱ्या गाडीला जोडला. धूर थोडा होताच. मी विचारलं तर म्हणाला, पुढे बघून घेतील. मीही मान डोलावली.

गाडी हलली तेव्हा सगळं पेडणं टाळ्या वाजवत होतं. कमलाक्षी पहिले पिकलेले बोंडू पदरात घेऊन आली आणि माझ्या ओंजळीत ओतले. इतक्या सभा जिंकल्या, असं बक्षीस कधी मिळालं नव्हतं. दत्तारामही म्हणाला, "बरी बोललंस." लिहून ठेवते, पुन्हा म्हणायचा नाही.

६ मार्च

तेरेखोल नदीपलीकडून फोन. कुणी वत्सला राऊळ. "बाय, तो डबो परत तापलो. आता आमच्या घरामागे उभो हा, धूर येता. इचारूक गेलंव तर म्हणतत, पेडण्यातसून इलो, पेडणेकारांक इचारा."

दत्ताराम म्हणाला, "तो आता आपलो न्हय."

पहाटेच्या गाडीने निघते. कमलाक्षीला सांगितलं, तर म्हणाली, "मीय येतंय." काजूचा भर हंगाम टाकून.