एक जानेवारीचं सूप आणि माझी खुर्ची

तीर्थस्वरूप फिलोमेनताईस,

मान!

(फाटकाबाहेरून अशी हाक द्यायची आणि आतून "आदर!" आल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, हे मला तूच शिकवलंस. माँट्रियलहून तुझं उत्तर यायला वेळ लागेल, म्हणून यावेळी आगाऊपणा करून आत शिरतोय.) तुझा गुडघा कसा आहे? तिकडच्या बर्फात उगाच फिरू नकोस. आम्ही सगळे खुशाल आहोत, म्हणजे तब्येतीनं. अब्रूचं काय झालं ते पुढे लिहितो, कारण इदालियाबाईंच्या लेकीनं तुला फोनवर तिखटमीठ लावून सांगितलंच असेल.

तर मी आपल्या विभागाच्या पंचायतीला उभा राहिलो. हसू नकोस. आपल्याकडे निवडणुकीला उभं राहायचं म्हणजे आधी १८०४ साली फ्रेंचांना हाकलणारा एक खापरपणजोबा लागतो. मीही भाषणात ठोकून दिलं, की आमचे खापरपणजोबा डोंगरावर उभे राहून बंडाचा शंख फुंकत होते. इदालियाबाई (त्याच, मला पाढे शिकवणाऱ्या) पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, की गेल्या पाच उमेदवारांचे खापरपणजोबाही शंखच फुंकत होते, मग लढत कोण होतं? लोक पोट धरधरून हसले. मीही हसलो, दुसरं काय करणार!

मग मी ठरवलं, एक जानेवारीला सगळ्या गावाला आपण भोपळ्याचं सूप पाजायचं. दोन मोठे हंडे चढवले. मांस, कोबी, मिरची, काही कमी पडू दिलं नाही. सकाळी चर्च सुटल्यावर माणसं वाडगे घेऊन रांगेत उभी राहिली. मी भावजींचा काळा कोट घातला होता (हो, तोच, तू अंत्यविधींसाठी ठेवलेला), हंड्याशेजारी खुर्ची टाकली आणि यजमानानं आधी चव बघावी म्हणून पहिला वाडगा स्वतःच घेऊन बसलो. बायको मागून कोट ओढत होती. मला वाटलं, सुरकुत्या काढतेय.

दोन घोट झाल्यावर ध्यानात आलं, की सगळे माझ्या खुर्चीकडे बघतायत. ताई, गुलामीत हे सूप आपण रांधायचं आणि मालकानं खुर्चीत बसून प्यायचं. आपण नुसता वास घ्यायचा. म्हणून तर एक जानेवारीला, आपल्या स्वातंत्र्याच्या दिवशी, घरोघरी हेच शिजतं. हे मी शाळेत दरवर्षी पोरांना सांगतो! आणि त्याच सकाळी मी बसलेला, गाव उभं. कुणी शिवी दिली नाही. आपापले रिकामे वाडगे घेऊन लोक घरी गेले.

दुपारी हातगाडीवर हंडा घालून मी दारोदार फिरलो. फाटकाफाटकाशी "मान!" म्हणून ओरडलो. आत माणसं बोलत होती, भांडी वाजत होती, पण "आदर" म्हणून कुणी म्हणेना. निवडणूक गेली चुलीत, ताई. त्या गप्प फाटकांपुढे मला रडू आलं. शेवटचं घर इदालियाबाईंचं. तिथे बराच वेळ थांबलो. मग आतून आवाज आला:

"आदर. आत ये. तुझं गार झालं असेल, माझं पी. पण उभ्यानं."

त्या बसल्या होत्या. मी उभ्यानं प्यायलो. चांगलं झालं होतं.

तुझा,
आंतेनोर

ता. क. माझं नाव मागे घेतलं. इदालियाबाई उभ्या आहेत आणि त्यांची पत्रकं मी चिकटवतोय. कोट धुऊन ठेवलाय. डाग थोडा राहिलाय.

ता. क. दुसरा. शंखाचं खोटं होतं, हे तुला ठाऊकच आहे. खापरपणजोबा मालकाच्या मुदपाकखान्यात आचारी होते. अकरा वर्षं हेच सूप रांधलं आणि चमचाभर चाखायला मिळालं नाही, हे तूच मला लहानपणी सांगितलं होतंस. इदालियाबाईंकडे वाडगा रिकामा झाल्यावर आठवलं. येत्या एक जानेवारीला तू इकडे ये. गुडघ्याचं कारण सांगू नकोस. पहिला वाडगा तुझ्या हातानं त्यांच्या नावानं मांडू. खुर्चीही त्यांचीच. मी रांगेत शेवटी उभा राहीन.