वॉर्निंगला ओके

७ एप्रिल २००२, रविवार
मयूरचा हिशोब आजच लिहून ठेवतो. नंतर दया यायला नको.

मयूर म्हणजे काकांचा एकुलता. माझ्यापेक्षा लहान, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. दर रविवारी हॉस्टेलवरून पंचवटीत तृप्तीताईकडे जेवायला येतो. मीही ताईकडेच असतो, पण मी राहायला आहे. तात्पुरता. दिवाळीपासून.

आज जेवताना त्याने बॅगेतून लिनक्सच्या सीड्या काढल्या. एकाच कॉम्प्युटरवर विंडोजही ठेवायचं आणि लिनक्सही. चालू करताना मशिनच विचारतं, बोला, आज कोण? याला ड्युअल बूट म्हणतात. म्हणाला, टाकत होतो, पण बूट पार्टिशनची वॉर्निंग आली म्हणून थांबलो. मी म्हटलं, आण इकडे, मी टाकतो. तर म्हणतो, "दादा, तू टाकायला बसशील आणि निम्म्यातून त्र्यंबकला निघून जाशील."

ताई हसली. दाजी इतके हसले की वाटीतलं वरण सांडलं.

त्र्यंबकला मी असा एकदाच गेलो होतो, कॉम्प्युटर क्लासच्या परीक्षेच्या दिवशी. जीप रिकामी चालली होती, ड्रायव्हर ओळखीचा होता. यात हसण्यासारखं काय आहे?

संकल्प: पुढच्या रविवारी मयूर येईल तेव्हा ताईच्या कॉम्प्युटरवर दोन्ही चालू पाहिजेत. मी एक शब्द बोलणार नाही. खुर्चीतून उठेन आणि म्हणेन, बस.

सीड्या तो विसरून गेला नाही. मी बॅगेतून काढल्या.

८ एप्रिल
आज लिनक्सचं पुस्तक आणायचं होतं. भाजीबाजाराजवळ एकाची हातगाडी कलंडली. मेथी गोळा करू लागलो. मग त्याने चहा पाजला. मग त्याच्या मेव्हण्याचा टेम्पो ओझरला निघाला होता. संध्याकाळी परत.

पुस्तक राहिलं. चांगलंच झालं. मयूर पुस्तकं वाचतो म्हणूनच वॉर्निंगला घाबरतो.

९ एप्रिल
कॉम्प्युटर मिळेना. ताई त्यावर लग्नपत्रिका करते आणि सध्या लग्नसराई. आमच्या सायखेड्याच्या भावकीतल्या लंकाबाई दिवसभर ठाण मांडून. त्यांच्या सायलीचं लग्न आहे. पत्रिकेत कुणाचं नाव कुणाच्या वर, यावर महिनाभर रुसवेफुगवे चालले होते, आज कुठे मिटले. प्रत्येक नावापुढे कंसात काहीतरी पाहिजेच. सरपंच, फौजी, एस.टी., द्राक्ष बागायतदार. लंकाबाई उठताना म्हणाल्या, "तृप्ते, हे नीट झालं तर भावकीतली पुढची सगळी लग्नं तुझ्याकडंच. नाय झालं तर मला गावात तोंड दाखवाया जागा नाय."

पत्रिका सतराला छापायला द्यायची आहे. म्हणजे मला भरपूर वेळ आहे.

१० एप्रिल, दुपारी
ताई बँकेत गेली. बसलो.

D ड्राइव्हमध्ये नुसती गाणी होती. उडवून लिनक्सला जागा केली. ताई रेडिओ ऐकू शकते.

आणि आली! मयूरची वॉर्निंग! डिक्शनरी घेऊन वाचली. तुमचं बूट पार्टिशन, म्हणजे मशिन जिथून चालू होतं तो डिस्कचा तुकडा, १०२४ सिलिंडरच्या पलीकडे आहे, चालू होताना मशिन तिथवर पोचेलच असं नाही. सिलिंडर म्हणजे डिस्कवर जागा मोजायचं माप, आपल्या गुंठ्यासारखं.

वाचून डोक्यात तिडीकच गेली. आमच्या वाटणीत काकांनी डांबरी रस्त्याकडचा तुकडा घेतला आणि आम्हाला मागचा दिला. आजही आमचा ट्रॅक्टर त्यांना विचारल्याशिवाय शेतात जात नाही. इथेही तेच. विंडोज पुढे पाय पसरून बसलंय, आणि लिनक्सला मागची जमीन, वर रस्ता नाही म्हणून दमदाटी.

असल्या दमदाटीला मी भीत नाही. ओके दाबलं.

१० एप्रिल, नंतर
इन्स्टॉल पूर्ण. मशिन बंद करून चालू केलं. काळ्या पडद्यावर एल आलं, मग आय आलं. म्हणजे लिनक्सची सुरुवात. बाकीची अक्षरं येतीलच.

१० एप्रिल, आणखी नंतर
अजून एल आय. मोठं सॉफ्टवेअर आहे, वेळ लागणारच. तोवर गंगेवर, गोदेच्या घाटावर, जाऊन आलो.

आलो तरी एल आय. विंडोजही येत नाही. ताईला सांगितलं, व्होल्टेजचा प्रॉब्लेम आहे, दोन दिवस हात लावू नको.

११ एप्रिल
ताईने दोन गिऱ्हाइकं परत पाठवली. लंकाबाई आल्या, काळा पडदा बघून म्हणाल्या, "हे काय, मेलं का?" मी लिनक्सबद्दल सविस्तर सांगितलं. त्या म्हणाल्या, "आमच्या बागेवर मागल्या साली असलंच कायतरी मारलं व्हतं. समदे घड गळाले." जाताना पत्रिकेचं परवाच काढलेलं प्रूफ घेऊन गेल्या, भावकीत फिरवायला.

ताई कॅलेंडरवर सतरापर्यंतचे दिवस मोजत बसली. याचाही हिशोब मयूरच्या नावावर मांडला आहे. सीड्या त्यानेच आणल्या होत्या.

१३ एप्रिल, पाडवा
गुढी उभारून ताई-दाजी ओझरला गेले. घर रिकामं. साडेतीन मुहूर्तांतला एक. आज न्याय होणार.

उपाय मला वॉर्निंगनेच सांगितला होता. रस्त्याकडचा तुकडा लिनक्सला द्यायचा. त्यासाठी C पूर्ण उडवायला लागणार. क्षणभर ताईच्या पत्रिका आठवल्या. पण त्या डेस्कटॉपवर आहेत, समोर दिसतात, मी रोज बघतो. C मध्ये नाहीत. डेस्कटॉप वेगळा, C वेगळा. क्लासमध्ये एवढं तरी शिकलोय. C मध्ये नुसतं विंडोज, ते नंतर मागच्या जमिनीत टाकू. बघू दे त्याला पण, मागे राहिलं की कसं वाटतं.

उडवताना काकांचा चेहरा डोळ्यासमोर ठेवला होता. फार बरं वाटलं.

या वेळी वॉर्निंग आली नाही. घाबरली.

शेवटी त्याने एक फ्लॉपी मागितली, अडीअडचणीला बूट करायला. टेबलावर एकच होती. तिच्यावर ताईच्या अक्षरात ‘सायली फायनल’. फायनल म्हणजे काम संपलेली. घातली.

चालू केलं, आणि लिनक्स आलं!! यादीत दोन नावं यायला पाहिजे होती, एकच आलं. म्हणजे ड्युअल बूटचं निम्मं काम फत्ते, आणि तेही अवघड निम्मं. पासवर्ड ठेवला: मयूरहरला.

आत गेल्यावर काय करायचं ते अजून सापडलं नाही.

१४ एप्रिल, रविवार
मयूर आला. मी खुर्चीतून उठलो. बस म्हटलं. बसला.

हसला असता तर चाललं असतं. हसला नाही. थोडी बटणं दाबली आणि हळूच म्हणाला, "दादा, विंडोज कुठंय?" मी म्हटलं, पुढचा तुकडा काढून घेतला त्याच्याकडून. तो म्हणाला, "आणि ताईच्या फायली?" मी डेस्कटॉपचं समजावून सांगितलं. त्याने ताईकडे बघितलं. ताईने फ्लॉपी शोधली. फ्लॉपी मी नीट ठेवली होती, वरचं नाव खोडून ‘बूट’ लिहिलं होतं.

ताई ओरडली असती तर मलाही ओरडता आलं असतं. ती नुसती पलंगावर बसली. म्हणाली, "नाथा, एवढं एकच काम माझं स्वतःचं होतं रे."

मयूर म्हणाला, विंडोज आणि मराठी फॉन्ट मी टाकून देतो, सुट्टी काढतो, टाइपही मीच करतो. पण नावं? प्रूफ सायखेड्यात फिरतंय. "दादा, तू जातोस का? तुला फिरायला आवडतं."

बघा, संधी मिळाली की टोमणा मारतोच.

त्याच्या विंडोजने माझं लिनक्स दहा मिनिटांत पुसलं. विचारलंसुद्धा नाही.

१६ एप्रिल, सायखेडा
प्रूफचं पहिलं पान लंकाबाईंकडे मिळालं. नावांचं पान त्यांच्या थोरल्या दिरांनी रागाने फाडलं, कारण व्याह्यांच्या मामाचं नाव त्यांच्या वर होतं. मग लंकाबाई पुढे आणि मी मागे, दारोदार. प्रत्येक दारात लंकाबाई आधी माझी ओळख करून द्यायच्या: "ह्यानंच पुसली. ह्यो काँप्युटर दुरुस्त करीत नव्हता, नांगरीत व्हता." मग घरोघर वर-खाली नव्याने सुरू. थोरल्या दिरांना चहा तीनदा प्यायला लावला तेव्हा ते मामाच्या खाली यायला कबूल झाले.

संध्याकाळी एसटीडी बूथवरून मयूरला एकेक नाव सांगितलं. मी सांगेन तसं तो टाइप करत होता. मनात म्हटलं, हेच हवं होतं. इंजिनिअर माझ्या हुकुमावर. बूथबाहेर रांग, लंकाबाई दार धरून उभ्या.

शेवटी मयूर म्हणाला, "आता व्यवस्थापक मंडळ. तू आणि मी. तू वर, मोठा म्हणून. माझ्या कंसात पप्पांनी इंजिनिअर टाकायला लावलंय, लाज वाटते. तुझ्या कंसात काय टाकू?"

मी बोटांवर मोजलं. सुरगाण्याची जीप दोन महिने केली. वापीला पावडरच्या कंपनीत होतो, पाऊस लागेपर्यंत. क्लास दोन, दोन्ही निम्मे.

लंकाबाई म्हणाल्या, "सांग की लवकर, काय करतो तू ते."

मयूर म्हणाला, "संगणक टाकू का, दादा?" त्याच्या आवाजात हसू असणारच म्हणून मी कान लावून शोधलं. नव्हतं.

म्हटलं, कंस नको. नुसतं नाव टाक.

लंकाबाईंनी माझ्या हातातून फोन घेतला. "बिनकंसाचं मोठ्यांत नाय चालायचं, मयूर. पुन्हा इचारत बसतील लोक. खाली घे त्याला."

१७ एप्रिल, बुधवार
पत्रिका वेळेत छापायला गेली. पुढची दोन लग्नं लंकाबाईंनी ताईलाच दिली. ताई माझ्याशी बोलली, जेवायला वाढू का म्हणून.

प्रूफ बघितलं. सगळ्यात खाली, ‘आमच्या सायलीताईच्या लग्नाला यायचं हं!’ या ओळीखाली मी तिसरा. माझ्या वरचे दोघं अजून बालवाडीत आहेत.