बोळासाठी चार बॅरिकेड

८ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ६.१०
संकल्प तीन. रोज चालणे. बिनसाखरेचा चहा. आणि विनोदिनीसाठी यंदाचा हादगा आपल्या दारात. पहिले दोन दरवर्षीचे आहेत, त्यांचं काय होतं मला ठाऊक आहे. तिसरा होणार म्हणजे होणार.

मेन रोड वन-वे झाला आणि आमचा बोळ टू-व्हीलरवाल्यांचा शॉर्टकट झाला. तेव्हापासून, म्हणजे तीन वर्षं, गल्लीतल्या बायका शाळेच्या मैदानावर फेर धरतात. विनोदिनीला आता तिथवर चालवत नाही. काल म्हणाली, अहो, एकदा दारात हादगा झाला असता तर खुर्चीत बसून बघितला असता. म्हटलं, हात्तिच्या! एकतीस वर्षं नगरपालिकेच्या परवाना विभागात काढली, रिटायर होऊन दोनच झाली. तासभर रस्ता बंद आणि चार बॅरिकेड, हा माझ्या डाव्या हातचा मळ.

हस्त नक्षत्र २७ ला लागतंय. वेळच वेळ आहे.

९ सप्टेंबर
ऑफिसात गेलो. पुष्कर आता विभागप्रमुख. फायलीला टॅग लावायला माझ्या हाताखाली शिकला. मला बघून उठला नाही. पाठ धरली असेल.

म्हणाला, सर, तासाभराच्या हादग्याला कशाला परवानगी? बीट हवालदाराच्या कानावर घाला आणि दोन बाकडी आडवी लावा. मी म्हटलं, पुष्कर, हे तू बोलतोस? अर्जाचा नमुना काढ. शोधशोध करून काढला. चौदा कलमं, सगळी माझी. इतक्या वर्षांत एका शब्दाला कुणी हात लावलेला नाही. ऊर भरून आला.

बोळाच्या तोंडाशी मेढ्याकडची रंगूबाई भाजी विकते. तिचंही तेच. आवं काका, माजी हातगाडी लावते आडवी, कोन जातंय बगू! अडाणी बाई. उद्या कुणी तक्रार केली तर विनोदिनीच्या हादग्याला बेकायदा म्हणतील.

१५ सप्टेंबर
विनोदिनीला डॉक्टरांकडे नेलं. हृदयाचं पंपिंग वीस टक्के म्हणाले. मला बाजूला घेऊन, मुलीला बोलावून घ्या, असंही. डॉक्टरांना घाबरवायची सवयच असते. वीस टक्क्यांवर अख्खी ऑफिसं चालतात.

ज्ञानदाला सांगलीला फोन केला नाही. तिच्या मुलाची चाचणी परीक्षा आहे.

दुपारभर अर्जासोबतचा नकाशा काढला, पट्टी लावून. विनोदिनी म्हणाली, जरा इथे बसता का? म्हटलं, तुझंच तर काम चाललंय.

१९ सप्टेंबर
अर्ज दिला. त्रुटी एकच. कलम नऊ, बोळातल्या सर्व घरमालकांच्या सह्या. सतरापैकी सोळा झाल्या. सतरावं घर नाथाजींचं. कायम कुलूप, माणूस उंब्रजला शेतीवर. पुष्कर म्हणाला, सोडून देऊ, सर. मी म्हटलं, बंद घराचा मालकही वगळू नये, हे वाक्य मीच घातलंय. पुष्कर बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. आदर असणार.

२४ सप्टेंबर
वाहतूक शाखेत दुसरी खेप. साहेब नवरात्राच्या बंदोबस्तात. टेबलावरचा माणूस म्हणाला, पर्यायी मार्ग लिहून द्या. आमच्या बोळाला पर्यायी मार्ग म्हणजे मेन रोड. तसा लिहून दिला.

विनोदिनीनं पाटावर हत्ती काढायला घेतलाय. अर्धाच झाला, हात भरून येतो म्हणते. म्हटलं, घाई नाही, अजून परवानगी यायचीय.

२७ सप्टेंबर, शनिवार
हादगा सुरू. मैदानावर. विनोदिनीला समजावलं, सोळा दिवस असतात, आपण शेवटचा धरू, १२ ऑक्टोबरचा. थाटात. ती म्हणाली, बरं. पाय जास्त सुजलेत. आमटीत मीठ जास्त झालं असेल.

ज्ञानदा आपणहून आली. मुलाला नवऱ्याकडे ठेवून. हिला कोणी सांगितलं, देव जाणे.

२९ सप्टेंबर. रात्री ८
उंब्रज. एसटीनं. नाथाजी उसात गेलेले, बांधावर तीन तास बसून राहिलो. आल्यावर म्हणाले, आवं, सहीसाठी एवढ्या लांब आलासा व्हय? फोन केला असता तर व्हय म्हनलो असतो की. असला नियम कुनी काढलाय वो? मी उसाचा विषय काढला. सही मिळाली!

घरी यायला साडेसात. विनोदिनी महिन्यात पहिल्यांदा हसताना दिसली. डोळ्यांत पाणी, गाल लाल. म्हटलं, बघितलंस, एका सहीनं किती फरक पडतो! ज्ञानदा उठून आत गेली. प्रवासानं थकली असेल. म्हणजे मी थकलो होतो, ती कशानं?

३ ऑक्टोबर
अर्ज परिपूर्ण. काल दसऱ्याची सुट्टी, आज साहेब नाहीत, सोमवारी सही.

विनोदिनी दिवसभर पडून. शेवटच्या दिवसासाठी ताकद राखून ठेवतेय. शहाणी आहे.

६ ऑक्टोबर, सोमवार
परवानगी मिळाली!! जावक क्रमांक, गोल शिक्का, सगळं. १२ तारीख, सायंकाळी ५ ते ६, चार बॅरिकेड. विनोदिनीला अटी वाचून दाखवल्या. दुसऱ्या अटीला तिनं माझा हात धरला. म्हणाली, किती धावलात हो माझ्यासाठी. सोडेना. पण झेरॉक्सचं दुकान आठला बंद होतं.

७ ऑक्टोबर
सकाळी नऊ वाजता विनोदिनी गेली.
मी बोळाच्या टोकाला बॅरिकेडची जागा खडूनं आखत होतो. ज्ञानदा धावत आली.

१२ ऑक्टोबर, रविवार
परवानगी रद्द करायला विसरलो. साडेचारला टेम्पो आला. माणसांनी दोन्ही टोकांना दोन दोन बॅरिकेड लावले आणि गेले. पाच वाजले. बोळात कोणी नाही. एक स्कूटर आली, बघून वळून गेली.

रंगूबाई येऊन पायरीवर बसली. मी म्हटलं, सहा दिवस आधी झालं असतं तर हिनं बघितलं असतं. ती पदराशी चाळा करत बसली. मग म्हणाली, काका, रागावू नगा. तुमी उंब्रजला गेलता न्हवं, तवाच झाला हादगा. हिथंच. एका अंगाला माजी गाडी लावली, दुसऱ्या अंगाला बाकडी. आमी सगळ्या जनी आलो. काकू खुर्चीत बसल्या हुत्या. खिरापत बी त्यांनीच वळखली. तुमास्नी सांगायचं न्हाई म्हनल्या. म्हनल्या, धावत्यात तर धावू द्यात, घरात बसले तर माज्याकडं बगावं लागंल त्यांना, ते त्यांच्याच्यानं व्हनार न्हाई.

राग आला नाही. खरं आहे ते. मी घाबरलो होतो.

रंगूबाई म्हणाली, लय गायल्या काकू त्या दिशी. धाप लागली तरी थांबंनात.

विनोदिनी गाते, हे मला ऐकून माहीत. तेहतीस वर्षांत ऐकली नाही. हादगा पाचला, मी ऑफिसातून सुटायचो सहाला, रविवारीही फायली उरकायला तिथेच. रिटायर झाल्यावर मैदानावर बायकांत कुठे जायचं, म्हणून गेलो नाही. फार रडू आलं. पायरीवर, रंगूबाईसमोरच रडलो.

मग तिला विचारलं, आवाज कसा होता हिचा?
म्हणाली, आवं काका, ते आता कसं सांगू?