तुझ्या कानातलं युद्ध

प्रिय आई,

काल दादाचा फोन आला होता. तू आता रात्री झोपतेस, बसून जेवतेस, दाराच्या आवाजाने दचकत नाहीस, असं म्हणाला. आवाजात कौतुक होतं, आणि ते माझं होतं. मी येऊन गेले आणि आई माणसात आली, हे त्याचे शब्द. मी विषय बदलला.

मागच्या वर्षी तुझ्या टीव्हीवरून घरात रोज कटकट व्हायची. वहिनी म्हणायची, आईंच्या मालिकेत पुढे काय झालं ते खालच्या मजल्यावरच्यांना आपल्या आधी कळतं. मग मी ती छोटी डबी टीव्हीला जोडून दिली. आवाज थेट तुझ्या कानातल्या मशीनमध्ये, खोलीत मात्र शांतता. सगळे खूश. मला स्वतःच्या कामाचं सहसा काही वाटत नाही. त्या दिवशी वाटलं होतं.

मग युद्ध सुरू झालं आणि तू मालिका सोडून बातम्या लावायला लागलीस. कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण घराला काही ऐकूच येत नव्हतं. दादाला दिसायचं ते एवढंच, की आई निवांत टीव्ही बघतेय. भोंगे, कोसळणाऱ्या भिंती, ढिगाऱ्याखालून येणाऱ्या हाका, हे सगळं दिवसभर एकट्या तुझ्या डोक्यात चाललं होतं. आणि ते अगदी स्वच्छ ऐकू यावं अशी व्यवस्था मी केली होती.

सुट्टीत आले तेव्हा न्हाणीघरात पाय ठेवायला जागा नव्हती. बादल्या, पातेली, बाटल्या, सगळं पाण्याने भरलेलं. जेवताना वाऱ्याने दार आपटलं आणि तू दादाच्या मुलीला मानेला धरून टेबलाखाली ढकललंस. तिच्या कपाळाला टेंगूळ आलं. तिच्याहून जास्त तू रडलीस. मी तुला समजावलं. ते देश किती लांब आहेत, इथे काही का होणार नाही, सगळं मुद्देसूद. तू शेवटपर्यंत ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "इथलं कोण म्हणतंय? मी टीव्ही बंद केला की ती माणसं हाका मारायची थांबतात का?" मी बातम्या बघत नाही. त्याला मी शिस्त म्हणत आले.

दुसऱ्या दिवशी, मशीन साफ करून देते, असं तुला म्हणाले. तू केस कानांमागे सारलेस, दोन्ही मशीन काढून माझ्या तळहातावर ठेवलीस आणि माझ्यासाठी चहा टाकायला गेलीस. मी लॅपटॉप उघडला, मशीन त्याला जोडली आणि त्यांची टीव्हीशी असलेली जोडणी तोडली. तिथेच थांबायला हवं होतं. पण डबी चालली नाही तर तू टीव्ही मोठा करशील, पुन्हा तेच सुरू होईल, असा मी विचार केला आणि दोन्ही कानांचा आवाजही उतरवला. टीव्हीतलं बोलणं ऐकू आलं तरी त्यातले शब्द कळू नयेत, इतका. मशीन घातल्यावर तू म्हणालीस, "सगळं लांबून आल्यासारखं वाटतंय गं." मी म्हणाले, "वय झालं आई. कान उतरतातच."

हे वाक्य मी तपासणी केल्याशिवाय कुठल्याही पेशंटला बोलत नाही.

काल दादा बाकीचंही सहज सांगत गेला. तू बागेत मैत्रिणींच्या बाकावर जात नाहीस. घरात सगळे हसले की त्यांच्याकडे बघून मग हसतेस. नात शाळेतल्या भानगडी हल्ली वहिनीला सांगते, तुला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचा तिला कंटाळा येतो. आता तर तू मशीन घालणंही सोडलंस. कोणी विचारलं तर वर अभिमानाने सांगतेस, माझी मुलगी यातलीच आहे, तिने स्वतः बघितलंय, आता एवढंच ऐकू येणार.

मी बघितलं नव्हतं. तुझे कान मागच्या वर्षीसारखेच असणार असं मला वाटतं. खात्री तपासल्यावरच देईन. आवाज मी कमी केला, तुला न विचारता, आणि वर खोटं कारण दिलं. हे कालच तुला सांगणार होते. दादाला म्हटलं, आईकडे फोन दे. तो म्हणाला, "अगं, तिला फोनवर आता काही कळत नाही." म्हणून हे पत्र. शनिवारी येते. आवाज होता तिथे आणून ठेवते, तेवढं मला करू दे. टीव्हीची डबी जोडायची की नाही ते तू सांग. जोड म्हणालीस तर जोडेन. मला भीती वाटेल, पण ती माझी मी बघेन. तोवर हे पत्र दादाला दाखव, वहिनीला दाखव, आणि त्या बाकावर जाऊन मैत्रिणींना सांग, की वय वगैरे काही नाही, मुलगी खोटं बोलली.

तुझीच,
धाकटी