पंधरा मिनिटं धरून

१० जानेवारी, सोमवार. सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. वही ऑफिसची आहे, पण मागची पानं वापरतोय, त्यामुळे हरकत नसावी.
परवा भिंगरीच्या शाळेत तिसरीच्या पालकांची मीटिंग होती. मी निघालो होतो. अगदी वेळेत निघालो होतो. वाटेत डेपोचं कँटीन लागतं, तिथे तिकीट-चेकर बुद्धिबळाचा पट मांडून बसला होता. एक डाव म्हणता म्हणता तीन झाले. शाळेत पोचलो तेव्हा शिपाई खुर्च्या उचलत होता. फाटकावरची नोटीस मात्र वाचली. सोळा फेब्रुवारीला परीक्षा. सगळ्या शाळांना एकच पेपर. चाळीस प्रश्न, बरोबर उत्तराचा गोल रंगवायचा.
हिनं विचारलं, काय म्हणाल्या बाई? मी म्हणालो, कसून तयारी करून घ्या म्हणाल्या. कुठल्याही बाई हेच म्हणतील. तेव्हा हे खोटं नाही, अंदाज आहे.
ही म्हणाली, मग घ्या तुम्हीच, माझी हॉस्पिटलची ड्यूटी सध्या दुपारपासून आहे.
घेतो की. अकरा वर्षं डेपोत बसचं वेळापत्रक बनवतोय, एका पोरीचं बनवायला काय लागतं! ५.४० उठणे. ५.५२ पाढे. ६.१७ वाचन. संध्याकाळी ६.०५ ते ७.१० सराव. चार रंगांत केलं. देखणं झालंय. त्यातच पहाटेची वेळ गेली, म्हणून आज अभ्यास नाही.

११ जानेवारी, मंगळवार
उठलो ७.२० ला. भिंगरी बाहेरच्या खोलीत वही मांडीवर घेऊन बसलेली. म्हणाली, बाबा, तीन हाका मारल्या, मग मी एकटीच म्हटले पाढे.
पण कुठल्याही नव्या मार्गावर पहिली फेरी ट्रायलचीच असते.
संध्याकाळी मात्र सहाला घरी हजर. कँटीनकडे मान वळवली नाही.

१४ जानेवारी, शुक्रवार
भिंगरी शाळेतून आली की मी येईपर्यंत खाली शिंपीणबाईंकडे बसते. त्यांची जुळी मुलं, जोडगोळी, तिच्याच वर्गात. आज तिला घ्यायला गेलो तर बाई म्हणाल्या, भाऊ, तुम्ही गेला होतात ना मीटिंगला? मला ब्लाउजांच्या घाईत जमलं नाही. काय म्हणाल्या हो शाळेत?
आता एकदा सांगितलेलं बदलता येत नाही. म्हणालो, फार अवघड असणार आहे म्हणे. यंदा कडक धोरण.
त्यांनी मशीन थांबवलं. जोडगोळीकडे बघितलं. एकाच्या गुडघ्याला माती, दुसरा खडू चघळत होता. त्यांचा चेहरा असा उतरला की मला राहवेना. म्हणालो, पाठवा माझ्याकडे.
तीन विद्यार्थी. क्लासच म्हणायचा.
(‘कडक धोरण’ नको होतं. ते उगाच जोडलं.)

१९ जानेवारी, बुधवार. संध्याकाळी ७.३०
सराव पेपर आणला. आधी स्वतः सोडवला. चाळीसपैकी एकोणतीस. बाकी अकरा उत्तरं पुस्तकात चुकीची छापली आहेत असं माझं मत झालं आहे.
उदाहरणार्थ, बस सव्वाआठला सुटते, प्रवास दीड तासाचा, तर कधी पोचेल? पुस्तक म्हणतं पावणेदहा. हे लिहिणारा माणूस जन्मात बसमध्ये बसलेला नाही. मुलांना सांगितलं, पंधरा मिनिटं धरायचीच. उत्तर दहा. पर्यायांत दहा होतं, म्हणजे पेपर काढणाऱ्यालाही मनातून पटलेलं असणार.
भिंगरी म्हणाली, पण बाई तर नुसती बेरीज करायला सांगतात. मी म्हणालो, बाई शाळेत असतात, मी डेपोत असतो. तिनं मान डोलावली. समज आहे पोरीला.

२४ जानेवारी, सोमवार
संकल्प: आवाज चढवायचा नाही.

२५ जानेवारी, मंगळवार
चढवला. खडूवाल्यानं परिमितीला परीमती म्हटलं आणि तिघं हसत सुटली. मी पट्टी टेबलावर आपटली. कुणाला लागली नाही, पण मोडली. पट्टी भिंगरीची होती, तिच्यावर फुलपाखरं होती. ती तुकडे उचलून दप्तरात ठेवून आली आणि म्हणाली, पुढचा प्रश्न घ्यायचा?
मी पुढचा प्रश्न घेतला. सॉरी म्हणायला हवं होतं. पण शिकवताना मध्येच सॉरी म्हटलं की शिस्त जाते. उद्या म्हणेन.

२ फेब्रुवारी, बुधवार
सॉरी अजून राहिलंय. पट्टीही आणायची आहे.
पहाटेचे पाढे वेळापत्रकातून काढले. मुलांना झोप लागते. (मुलांना म्हणजे मला.)

४ फेब्रुवारी, शुक्रवार. संध्याकाळी ६.२०
गडबड झाली. शाळेत बाईंनी सराव चाचणी घेतली. वेळेची चार गणितं होती. भिंगरी आणि जोडगोळी, तिघांची चारही उत्तरं चुकली आणि चारही एकसारखी. प्रत्येकात पंधरा मिनिटं जास्त. बस, ट्रेन, विमान, इतकंच काय, मावशीकडे चालत गेलेली मुलगीही पंधरा मिनिटं उशिरा पोचली.
बाईंना वाटलं, कॉपी. तिघांना वेगवेगळ्या बाकांवर बसवलं. चिठ्ठी दिली आहे, पालकांनी येऊन भेटावे.
भिंगरीला विचारलं, तू सांगितलं नाहीस, बाबांनी शिकवलं म्हणून? ती म्हणाली, नाही. मग काय सांगितलंस? म्हणाली, सांगितलं, आम्हीच तसं ठरवलं होतं. त्या दोघांनाही गप्प राहायला सांगितलं.
का गं?
तुम्हाला बोलल्या असत्या ना बाई.
उद्या सकाळी पहिलं काम शाळेत जाणे.

५ फेब्रुवारी, शनिवार
नव्या मार्गाचं काम आलं. सोमवारी नक्की.

७ फेब्रुवारी, सोमवार
गेलो होतो. बाई वर्गावर होत्या. वर्गातून बोलावणं बरं दिसत नाही. खिडकीतून दिसली भिंगरी, शेवटच्या बाकावर, भिंतीकडेला. शेजारी कुणी नाही. बोटानं बाकावर काहीतरी काढत होती. तिनं मला पाहिलं नाही. हे बरंच झालं, असं मी ऑफिसात दिवसभर स्वतःला सांगत होतो.

९ फेब्रुवारी, बुधवार. संध्याकाळी
ही काल म्हणाली, अहो, पोरगी जेवत नाहीये, काय झालंय? म्हणून आज सुट्टी टाकून गेलो.
बाई वयानं माझ्यापेक्षा लहान, पण समोर उभा राहिल्यावर मी आपोआप हात मागे बांधले. म्हणालो, ती पंधरा मिनिटं घरच्या कुणीतरी शिकवली असावीत. बाईंनी विचारलं, कुणी? म्हणजे, मीच. कॉपी नाही ती. दोष त्यांचा नाही.
बाई हसल्या, आणि हसू आवरल्यावर म्हणाल्या, पण तुम्ही तयारी कशाला करून घेताय? ही परीक्षा मुलांची नाहीच. पेपरवर नावसुद्धा लिहायचं नाही. शाळा कुठे कमी पडते ते बघायला आहे. मीटिंगमध्ये तेच तर सांगितलं, काही करून घेऊ नका, फक्त लवकर झोपवा आणि सकाळी पोटभर खाऊ घालून पाठवा.
मी म्हणालो, हो हो, आहे लक्षात.
तिघांना पुन्हा एकत्र बसवणार आहेत. एवढं तरी केलं मी.

१० फेब्रुवारी, गुरुवार
आता क्लास बंद करायला हवा. पण एकदम बंद केला तर का ते सांगावं लागेल. ‘शेवटची उजळणी’ म्हणून चालू ठेवला. मुलं आली, बसली, गोल रंगवले. तिघांचीही उत्तरं आता बिनचूक येतात. मला त्यांच्याकडे बघवेना. गुण देताना पेनच उचलेना.

१६ फेब्रुवारी, बुधवार
झाली परीक्षा. कशी गेली? भिंगरी म्हणाली, सोपी होती. जोडगोळी म्हणाली, शाळेत बिस्किटं दिली.

२० फेब्रुवारी, रविवार. दुपारी
दोन कामं उरकायची ठरवलं. एक, खरं सांगणे. दोन, पट्टी. पट्टी आणली. फुलपाखरांची मिळाली नाही, साधी आहे.
आधी शिंपीणबाईंकडे गेलो. उभ्यानंच सांगून टाकलं. मी मीटिंगला गेलोच नव्हतो, अवघड पेपर, कडक धोरण, सगळं माझ्या मनचं, तुमच्या मुलांना माझ्यामुळे बोलणी बसली. त्यांच्या तोंडात टाचण्या होत्या. त्या एकेक काढून कापडाला लावल्या आणि म्हणाल्या, माहीत आहे की. मुलांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. बाईंनी वर्गातही सांगितलेलं, अभ्यास करायचा नाही म्हणून.
मग पाठवत का होतात?
म्हणाल्या, तासभर मशीनपाशी लुडबुड नसायची भाऊ. माझे ब्लाउज होत होते. कॉपीचं कळलं तेव्हा मात्र तुमचा राग आला होता. पण पोरांनी शपथ घातली, काकांना काही बोलू नकोस.
वर आलो. भिंगरी खिडकीत बसून चित्र रंगवत होती. पट्टी दिली, सॉरी म्हणालो. तिनं पट्टी उलटसुलट करून बघितली, छान आहे म्हणाली. विचारलं, तुला सगळं माहीत होतं?
हो.
मी मीटिंगला नव्हतो हेही?
हो. आम्ही मुलं मागे सतरंजीवर बसलो होतो. तुमची खुर्ची रिकामी होती.
मग पहाटे उठलीस, ओरडा खाल्लास, शेवटच्या बाकावर बसलीस, एकदाही बोलली नाहीस. का?
तिनं रंग बदलला. बघितलंही नाही माझ्याकडे. म्हणाली, तुम्ही रोज सहाला घरी यायला लागला होतात ना.
परीक्षा होऊन चार दिवस झाले. या चार दिवसांत मी घरी कितीला आलो, ते इथे लिहीत नाही.