खिडकीजवळची खाट

भिवंडी
११ जानेवारी १९७६

प्रिय गोदू,

रागावून लिहिते आहे. हक्काने रागवावं असं तुझ्याशिवाय आहे तरी कोण? परवा तू ठाण्याच्या कचेरीतून तपासणीला आलीस, सूतिकागृहातल्या खाटा मोजल्यास आणि माझ्याकडे घोटभर चहाही न घेता एसटी पकडलीस. शाळेत माझ्या डब्यातली घावनं फस्त करणारी ती तूच ना?

एका बाळंतपणामागे पालिकेचा किती खर्च पडतो ते तू काढलंस, आणि शेजारच्या गावांपेक्षा आमचं सूतिकागृह फार महाग निघालं, असं नर्स आनंदीबाईंकडून कळलं. आता ते बंद करा, असं तू वर कळवणार म्हणे. विचारणंच चूक, असं मी म्हणणार नाही. पैसा लोकांचा आहे. सुताच्या गाडीवर जकात आम्हीही भरतो, आणि नाक्यावरून परतल्यावर माझे सासरे पालिकेचा जो उद्धार करतात तो तू ऐकायलाच हवास!

पण खाटा रिकाम्या म्हणून आनंदीबाई रिकाम्या नाहीत, गं. इथल्या बायका बाळंतपणाला घर सोडत नाहीत, म्हणून त्याच पिशवी घेऊन गल्लोगल्ली फिरतात. ती बाळंतपणं सूतिकागृहाच्या नावावर लागत नाहीत, बाईंचा पगार मात्र लागतो. तुझी वहिनी अडली तेव्हा त्या पालिकेची हद्द ओलांडून तुमच्या गावी राहनाळला चालत आल्या होत्या. "बाय, तू व्हतीस म्हनून माजी सून हाय," असं तुझी आई त्यांचा हात धरून म्हणाली, ते मी विसरलेले नाही. तुझा लाडका भाचा रामू तुझ्याच हिशेबात कुठे नाही.

माझ्या सासूबाईही घर न सोडू देणाऱ्यांतल्याच. "घर काय पडलाय, दवाखान्यात कशाला?" गेल्या वर्षी मी आजारी होते असं तुला कळवलं होतं ना? आजारी नव्हते. माझं बाळ घरीच गेलं. आनंदीबाईंना बोलवायला उशीर झाला.

आता पुन्हा सातवा महिना चालू आहे. चहाला थांबली असतीस तर दिसलं असतं. या खेपेला सासूबाई स्वतः जाऊन खाट बघून आल्या, आणि गल्लीतल्या सुनांनाही तिथेच जा म्हणून सांगतात. तू एकदा ये, घरोघरची बाळंतपणं धरून पुन्हा मोज. मग जे निघेल ते लिही, मी एक शब्द बोलणार नाही. पण खिडकीजवळची जी खाट तू रिकामी म्हणून मोजलीस ना, ती माझी आहे. मला फार भीती वाटते, गोदू.

चहाचं आधण ठेवून वाट बघणारी,
तुझीच
अतिया